कूस बदलायचा तक्ता

माझ्या नवऱ्याला लकव्याचा दुसरा झटका आला तेव्हा मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. सगळी नोकरी मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स म्हणून केली. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. देवळाली प्रवऱ्याला आमचं घर, एकुलता मुलगा पुण्याला. या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा उरला, "बरं." भूक लागली तरी बरं, अंथरूण ओलं झालं तरी बरं. दुखायला लागलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि तोंडातून तेच, बरं.

आठ महिने मी घरी केलं. लोक म्हणायचे, "तुम्ही नर्सबाई, तुम्हाला काय अवघड!" पण मी साठीची बाई आणि ते ऐंशी किलोचे. एका सकाळी न्हाणीत ते खुर्चीवरून घसरले. मी सावरायला गेले आणि माझ्या कंबरेत काहीतरी कट्कन वाजलं. दोघंही ओल्या फरशीवर पडून राहिलो. शेजारची सून विरजण मागायला आली म्हणून सापडलो.

डॉक्टरांनी माझ्या मणक्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही." घरी माणूस ठेवून पाहिला. पहिला अकरा दिवसांत गेला. दुसरा कपडे बदलताना यांच्यावर ओरडायचा, आणि हे त्याला बरं म्हणायचे. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, एखादी चांगली जागा बघू. कायमची नाही." कायमची नाही हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"जागा मी बघणार," मी म्हटलं. "मोबाईलवरचे फोटो बघून नाही. जाऊन."

पहिली जागा नगर-मनमाड रस्त्याला होती, नवी कोरी. काचेचा दरवाजा, आत माशांची टाकी. तिथला माणूस मला स्वयंपाकघर दाखवत होता, भजनाचा हॉल दाखवत होता, आणि मी म्हाताऱ्यांची नखं बघत होते. नखांत मळ होता. पाण्याच्या बाटल्या होत्या, पण सगळ्या समोरच्या कपाटावर, खाटेवरून हात पोचणार नाही अशा. "पाणी मागत नाहीत का?" मी विचारलं. "मागितलं की देतो ना आपण." पाणी कमी पाजलं की डायपर कमी लागतात, हे मला कुणी सांगायला नको होतं.

दुसरी जागा एका भाड्याच्या बंगल्यात. तिथं तीन आजोबांचे हात मऊ फडक्यानं खाटेला बांधलेले होते. "पडू नयेत म्हणून, मॅडम," तिथली बाई म्हणाली. मुलगा बाहेर जाऊन गाडीजवळ उभा राहिला.

तिसरी जागा एका संस्थेची, नगरच्या बाहेर. भिंतींचा रंग उडालेला, खाटा जुन्या सरकारी दवाखान्यातल्यासारख्या लोखंडी. पण तिथं एक शिकलेली सिस्टर होती, तिशीतली. मी तिला म्हटलं, "तुमचा सगळ्यात जास्त दिवस पडून असलेला पेशंट कोण? मला त्यांची पाठ बघायची आहे." ती चिडली नाही. आधी त्या आजोबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आजोबा, पाठ दाखवू का या ताईंना?" मग त्यांना कुशीवर वळवलं. पाठ कोरडी होती, कुठं लाली नाही. प्रत्येक खाटेच्या उशाला एक तक्ता लटकवला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची, डावी, उताणं, उजवी. बदलणाऱ्यानं त्या वेळेपुढं खूण करायची.

व्यवस्थापक पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस होता. मी त्याच्याकडं तपासणीची कागदपत्रं मागितली.

"बाई, आजवर कुणी मागितली नव्हती," तो म्हणाला आणि फाईल घेऊन आला. संस्थेची नोंदणी होती, आग विझवायच्या नळकांड्यांचं प्रमाणपत्र होतं, आणि एक जाडजूड भेटपुस्तक होतं. त्यात पानंच्या पानं अभिप्राय. वातावरण प्रसन्न. स्वच्छता समाधानकारक. येथे आल्यावर मन भरून आले. बहुतेक सगळे मुलांचा वाढदिवस करायला, केळी वाटायला आलेल्यांचे. अधिकाऱ्यांचे शेरे दोनच, आणि त्या दोघांमध्ये फार मोठं अंतर.

"तपासायला नक्की कुणी यायचं तेच धड ठरलेलं नाही, बाई," तो म्हणाला. "आमचा ना पुरता दवाखाना, ना पुरता वृद्धाश्रम."

त्याचा हा खरेपणा मला आवडला. मी माणसं विचारली. अठरा खाटांना दिवसा चार मावशी, रात्री दोन, आणि सिस्टर. मी उठून वॉर्डातून फिरून आले, मावशी मोजल्या. चार होत्या. श्रावण चालू होता तेव्हा. हीच मोजणी कार्तिकात करावी लागते हे मला त्या दिवशी सुचलं नाही. ज्या जिल्ह्यात जन्मले, ज्याच्या खेड्यांतून नोकरीभर हिंडले, त्या जिल्ह्यात दिवाळीच्या आधी कुणाचं घर रिकामं होतं हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आम्ही त्यांना तिथं ठेवलं. निघताना मी म्हटलं, "अहो, मी येते परवा." ते म्हणाले, "बरं."

पहिले दोन महिने खरोखर चांगले गेले. मी एक दिवसाआड जायचे. कारखान्याच्या स्टॉपवरून नगरची एसटी, पुढं रिक्षा, कंबरेला पट्टा. त्यांच्या बाजूला असणारी मावशी खर्ड्याकडची होती, चाळिशीची, हाडापेरानं मजबूत. ती त्यांना बाबा म्हणायची. कूस बदलताना त्यांच्या लुळ्या हाताखाली आधी आपला हात घालायची, मग वळवायची. हे मी शिकाऊ नर्सना शिकवून थकले होते. तिला कुणी शिकवलं होतं ठाऊक नाही.

"आमी कोयत्यावर जायचो, बाई, ऊस तोडाया," ती एकदा सांगत होती. "गर्भाची पिशवी काढली तवापासनं मोळी उचलवत न्हाई. मालक आन् दीर जात्यात. मी हितं आले."

"आणि घरी कोण?"

"सासू हाय. शेजारीन भाकर देती दोन येळा. म्या हितं दुसऱ्याची म्हातारी मानसं बघती, आन् घरची म्हातारी शेजारनीच्या जिवावर." ती हसली. मला हसू आलं नाही.

दसऱ्यानंतर सिस्टरला सरकारी दवाखान्यात कंत्राटी जागा मिळाली आणि ती गेली. तिच्या जागी दुसरी येणार होती, ती आली नाही. आणि दिवाळीच्या आसपास मावशी जायला लागल्या. जामखेडकडच्या, पाथर्डीकडच्या, सगळ्यांच्या घरची माणसं ऊस तोडायला निघाली होती. कुणाला नवऱ्याबरोबर जावंच लागत होतं, कुणाला मागं राहिलेली पोरं सांभाळायला गावी जायचं होतं. एका आठवड्यात दिवसपाळीला एकच मावशी उरली, खर्ड्याची. अठरा माणसांना ती एकटी. रात्री कोण असतं असं मी विचारलं तर व्यवस्थापक म्हणाला, "असतं कुणीतरी."

एका दुपारी मी साडेतीनला पोचले. हे उताणे पडलेले. तक्त्यावर नजर गेली. दोन वाजताच्या पुढं खूण, चारच्या पुढं खूण, सहाच्या पुढंही खूण.

मी घड्याळाकडं बघितलं. मग मावशीकडं. तिनं मान खाली घातली.

"मॅनेजरसायबानं सांगितलंय, बाई," ती हळूच म्हणाली. "सकाळीच समद्या दिवसाच्या खुना करून ठेवायच्या. कुनी आलं तर तक्ता मोकळा दिसाय नको म्हनून. म्या एकली कुनाकुनाला वळवू?"

मी तिला रागावू शकले नाही. आमच्या केंद्रात लसींच्या फ्रिजचं तापमान रोज दोनदा बघून तक्त्यावर लिहायचं असे. रविवारचं तापमान मी कितीदा सोमवारी लिहिलंय. साहेब येणार म्हटलं की कपाटातल्या नव्या चादरी निघायच्या आणि जीप वळली की परत घडी होऊन आत जायच्या. सगळ्यांनी केलं, मीही केलं. पण तेव्हा ते आकडे होते. आज त्या खुणेखाली माझा नवरा पडला होता.

मावशीच्या मदतीनं मी त्यांना वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढी जागा लाल झाली होती, बोट दाबून काढलं तरी लाली जात नव्हती. मी व्यवस्थापकाच्या खोलीत गेले.

"माणसं मिळत नाहीत, बाई," तो म्हणाला. "जाहिरात दिलीय. तुम्हीच बघा, हे काम कोण करणार? बाबांना घरी न्यायचं असेल तर मी अडवणार नाही."

हे शेवटचं वाक्य तो अगदी सौम्यपणे म्हणाला. मला घरी नेता येणार नाही हे त्याला माहीत होतं. मुलाला फोन केला. त्यानं पुण्यातल्या दोन जागा सांगितल्या. एकीत जागा नव्हती, दुसरी नळी असलेला पेशंट घेत नव्हती, आणि यांना तोवर लघवीची नळी लागली होती. मी रोज जायला लागले. मी असेपर्यंत आम्ही दोघी मिळून त्यांना वळवायचो, मी फक्त उशा सरकवायचे, ताकद तिची. शेजारच्या खाटेवरच्या आजी आमच्याकडं टक लावून बघत. त्यांचं कुणी येत नव्हतं. त्यांना कधी वळवलं जायचं ते मी विचारलं नाही.

पंधरा दिवसांत ती लाल जागा काळी पडली आणि मग फुटली.

एका सकाळी मावशीचा फोन आला. आवाज दबलेला. "बाई, आज तपासनीला सायेब येनार हायेत. तुमाला आज येऊ नका म्हनून सांगाया सांगितलंय. पर तुमी या."

मी पोचले तेव्हा अंगणात पाणी मारलेलं होतं. वॉर्डात पांढरे ॲप्रन घातलेल्या चार अनोळखी बाया उभ्या होत्या. नंतर कळलं, त्या संस्थेच्याच वसतिगृहातल्या स्वयंपाकिणी. खाटांवर नव्या चादरी. यांची खाट मात्र जागेवर नव्हती. मी शोधत गेले तर मागच्या कोठारात, जुन्या गाद्यांच्या शेजारी. जखमेचा वास यायला लागला होता, म्हणून तिकडं नेलेलं. खिडकी बंद. त्यांनी मला बघून डावा हात उचलला.

पथकात तिघं होते. त्यांतले साहेब तरुण होते, बोलायला नम्र, मेहनती वाटले. ते प्रत्येक खाटेशी थांबत होते, तक्ते वाचत होते. त्यांना मागचं दार दाखवलं जाणार नव्हतं. मी कोठाराच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, इथं एक पेशंट राहिलाय."

व्यवस्थापकाचा चेहरा उतरला. साहेब आत आले. आधी त्यांनी वाकून विचारलं, "बाबा, कसं वाटतं इथं?"

"बरं," हे म्हणाले.

साहेबांच्या मागच्या कारकुनानं ते लिहून घेतलं. मी म्हटलं, "ते नका लिहू. पाठ बघा."

मावशीनं त्यांना वळवलं आणि मी पट्टी काढली. कारकून बाहेर गेला. साहेब गेले नाहीत, पण त्यांनी नाकाला रुमाल लावला. मग त्यांनी उशाचा तक्ता हातात घेतला. सकाळचे अकरा वाजत होते. तक्ता संध्याकाळपर्यंत भरलेला होता.

"या खुणा कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

व्यवस्थापकानं मावशीकडं बोट केलं. "यांच्या. आम्ही विश्वासानं काम सोपवतो, साहेब."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. खुणा कुणाच्या सांगण्यावरून होतात हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं. बोलले असते तर एका वाक्याचं काम होतं. पण माझ्या हातात ती ओली पट्टी होती, आणि डोक्यात एकच, यांना आत्ता दवाखान्यात हलवायला हवं, साहेबांनी गाडीचं सांगावं. मी म्हटलं, "साहेब, ॲम्ब्युलन्स." तेवढंच.

ॲम्ब्युलन्स मिळाली. साहेबांनी स्वतः फोन केला, ते मी विसरणार नाही. नगरच्या दवाखान्यात त्यांची जखम कापून साफ केली, हाडापर्यंत गेली होती. बावीस दिवस ते तिथं होते. विष रक्तात गेलं होतं. शेवटचे दोन दिवस त्यांनी बरं म्हणणंही सोडलं. पौषातल्या एका दुपारी ते गेले. मुलगा औषधं आणायला खाली उतरला होता, मी एकटी होते. मी इतक्यांचे डोळे मिटले होते की हात आपोआप गेला. नंतर मला त्याचीच लाज वाटली.

दिवस झाल्यावर मी त्यांचे कपडे, पांघरूण आणायला संस्थेत गेले. व्यवस्थापक उठून उभा राहिला, त्यानं हात जोडले. त्याच्या टेबलावर तपासणीचा अहवाल होता. मी मागितला, त्यानं दिला. त्यात लिहिलं होतं की एका रुग्णाच्या शुश्रूषेत हलगर्जीपणा आढळला, नोंदी खोट्या आढळल्या, सुधारणा करावी. त्याखाली संस्थेचं उत्तर जोडलेलं. संबंधित महिला कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. त्यावर शेरा होता, पूर्तता झाली.

"मावशी कुठं आहेत?" मी विचारलं.

"गावी गेली असेल," तो म्हणाला.

वॉर्डात दोन नव्या मुली होत्या, सिस्टर अजून नव्हती. शेजारच्या आजींची खाट रिकामी होती. तक्ते नवे छापले होते, आता त्यात सहीचा रकाना वाढवला होता.

मी घरी येऊन चार पानी अर्ज लिहिला. माझ्या डोळ्यांदेखत काय घडलं, खुणा कुणाच्या हुकमानं होत, स्वयंपाकिणींना ॲप्रन कुणी घातले, सगळं. नगरला तपासणीच्या साहेबांच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. मला एकदा बोलावून जबाब घेतला. पुढं काही कळलं नाही.

चैत्रात कारखाने बंद झाले, तोडणीवाली माणसं गावांना परतली. तेव्हा मी नगरहून जामखेडची एसटी धरली, तिथून जीपनं खर्डा. मावशीचं घर गावाच्या कडेला होतं, किल्ल्याची भिंत दिसते तिकडं. ती दारात धान्य निवडत बसली होती. मी आधी ओळखलं नाही, इतकी वाळली होती. हातांवर पाचटाचे चरे.

"बाई, तुमी?" ती उठली. "बाबा कसे हायेत?"

"गेले."

ती परत खाली बसली. "कवा?"

"पौषात."

"पाठीनंच?"

"पाठीनंच."

तिनं सूप बाजूला ठेवलं. आतून पाणी आणलं, मग दाराजवळच्या चुलीवर चहा ठेवला. काम गेल्यावर ती नवऱ्यामागं बारामतीकडं तोडीला गेली होती. तिला मोळी उचलवत नव्हती, तरी गेली. "पोट दुखायचं लई. पर घरी बसून कोन देतं?"

मी पिशवीतून अर्जाची प्रत काढली. "मी सगळं लिहून दिलंय. तुझी चूक नव्हती हे लिहिलंय."

तिनं ते कागद घेतले, उलटसुलट बघितले. वाचता येत नव्हतं तिला. घडी करून मांडीवर ठेवले.

"तुमी सायबाला पाठ दावली ते बेस केलं," ती म्हणाली. "माझं त्याला काय म्हननं न्हाई. बाबाचे लई हाल हुते. पर सायबानं इचारलं ना, खुना कुनाच्या, तवा तुमी गप का बसलात?"

रागानं नाही म्हणाली. खरंच तिला कळून घ्यायचं होतं.

"माझं सगळं लक्ष यांच्याकडं होतं," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. "आसंल."

ते पुरेसं नव्हतं हे दोघींनाही कळत होतं. मी आणखी सांगू शकले असते, की मीही आयुष्यभर साहेबांसमोर गप्प बसायलाच शिकले, की सरकारी माणसानं विचारलं की खालच्याकडं बोट जाऊ द्यायचं ही सवय अंगात भिनलेली असते. ते तिला सांगून काय होणार होतं? त्या बोटाच्या टोकाला ती होती.

आतून तिच्या सासूनं हाक मारली. म्हातारी आता पडून होती, हिवाळ्यात पडली आणि खुबा मोडला. मावशी उठली. मीही उठले.

"तुमी बसा," ती म्हणाली. "तुमची कंबर धड न्हाई."

ती आत गेली. मी दारातच उभी राहिले. आत अंधार होता, तिचा आवाज तेवढा येत होता, सासूशी बोलत होती, हळू, जरा हिकडं व्हा, हां, आसं. मग म्हातारीचं कण्हणं, मग शांत. चुलीवरचा चहा उतू गेला, मी तो उतरवला. दोन कपांत गाळला आणि ती बाहेर येईपर्यंत झाकून ठेवला.